लोखंड जवळ असू दे

१ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा धरली, पण राई गाव संपलं तिथे रिक्षावाल्याने हात टेकले. आगे सिर्फ मीठागर और मच्छर है, असं सांगून त्याने माझी बॅग खाली ठेवली आणि रिक्षा वळवलीसुद्धा. मग मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आंबोलीहून लेकरासारखा जपून आणलेला मॉसचा टब, अशी बांधावरून लंगडत निघाले. बांध म्हणजे मातीची उंचवट्याची वाट. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये एकच माणूस चालेल एवढी जागा. समोरून कोणी आलं तर मागे कोणी फिरायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

समोरून आले ते शिवदासकाका. आमचे वॉचमन, राईचे आगरी. त्यांची हयात याच मिठागरात मीठ ओढण्यात गेली. आता मीठ बंद झालंय आणि त्याच जागेवर आमचा प्रकल्प उभा आहे. त्यांनी बॅग डोक्यावर घेतली आणि विचारलं, की एवढ्या लांबून शेवाळ कशाला आणलंत, इथे काय कमी आहे. मी त्यांना शेवाळ वेगळं, मॉस वेगळं, मॉसला पुस्तकात हरिता म्हणतात, असं सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दिवसभर त्याला शेवालच म्हणत राहिले. मी नाद सोडला.

जागा मला फार आवडली. मिठाच्या जुन्या गोदामाच्या माडीवर माझी खोली. खाली ऑफिस, पुढे हिरव्या जाळीखाली ओळीने टाक्या. पलीकडे उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांचं गाव. गाळ्यागाळ्यांतून चमचे, डबे, ताटं चकचकीत करतात आणि त्यातून निकेल, क्रोम, लोखंड मिसळलेलं पिवळट पाणी निघतं. ते पाणी टँकरने आमच्याकडे येतं. टाक्यांमध्ये जाळ्यांवर मॉस पसरलेलं असतं. मॉसला मुळं नसतात, ते सगळ्या अंगाने पाणी पितं आणि पाण्यातला धातू अंगात धरून ठेवतं. शेवटच्या टाकीतलं पाणी खाडीत सोडलं तर खाडीच्या माशांनी आभार मानावेत.

हे सगळं उभं केलं वॉरेनने. उत्तनच्या कोळीवाड्यातला मुलगा, आखातात इंजिनीअर होता, खाडी वाचवायची म्हणून परत आला. त्याच्या आईने, मॉलीआंटीने, माझ्यासाठी फुगे पाठवले होते, ताडीत आंबवून तळलेले गोडसर गोळे. मी निम्मे तिथल्या तिथे संपवले. मी का लंगडते, असं वॉरेनने विचारलं. आंबोलीच्या घाटात मॉस बघता बघता स्कूटर घसरली, तेव्हापासून उजव्या नडगीवर स्टीलची पट्टी आहे. कातडीखाली स्क्रूंची डोकी बोटाला लागतात. हे ऐकून तो म्हणाला, की म्हणजे तू आधीपासूनच भाईंदरची आहेस, आमचा एक चमचा तुझ्यात आहे.

संध्याकाळी काकांच्या घरी गौरीचं जेवण झालं. घर आमच्या कुंपणाला लागूनच. रुक्मिणीमावशींनी इतकं वाढलं की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यांची लेक चांदणी पहिल्या बाळंतपणाला आलीय, दिवस भरत आलेत. जावई हृतिक बोटीवर नोकरीला आहे, डिसेंबरपर्यंत येत नाही. म्हणजे या घरात आता सगळे फक्त त्या येणाऱ्या जिवाकडे डोळे लावून आहेत. मलाही उगाच उत्सुकता लागली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

माझं मॉस इथे रुजलं. जुन्या मॉसवर माझं आंबोलीचं सोडलं आणि दोन्हींची गट्टी जमली. सकाळी टँकरचं पाणी सोडताना मी त्याच्याशी बोलते. घे बाबा, घे, असं म्हणते. सदूला याचं हसू येतं. सदू टाक्या धुतो, जव्हारचा आहे. आधी कितीतरी वर्षं स्टीलच्या गाळ्यात पॉलिशला होता. अजून खोकला की काळं पडतं. दिवसभर स्टीलची धूळ छातीत घेतली, आता इथे हिरव्यात बरं वाटतं म्हणतो.

आज रुक्मिणीमावशींनी मला एक खिळा आणून दिला. चांगला बोटभर लांब, गंजलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. मोडलेल्या होडीचा आहे म्हणे. या पाण्याच्या जागेत बाईमाणसाने एकटं झोपायचं तर अंगावर लोखंड हवं, आणि होडीचा खिळा म्हणजे सगळ्यात पक्का, कारण त्याने जन्मभर खारं पाणी सोसलंय. काकांच्या बोटात त्याच होडीच्या दुसऱ्या खिळ्याची वळवून केलेली अंगठी आहे, सदूच्या मनगटात लोखंडी कडं.

"लोखंड जवल आसू दे, म्याडम. पान्यातला काय जवल येत न्हाय."

मी विज्ञानाची मुलगी, पण मावशींच्या हातची कोलंबी खाऊन वर त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे कृतघ्नपणा. खिळा उशाशी ठेवला.

८ सप्टेंबर, सोमवार

वॉरेन आज खुशीत होता. या महिन्याच्या शेवटी मोठी माणसं प्रकल्प बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर खाडीकाठी असे आणखी प्रकल्प होतील. पण आमचं मॉस पाणी साफ करायला पूर्ण दिवस घेतं आणि पाहुणे काही दिवसभर टाकीकडे बघत बसणार नाहीत.

उपाय मीच सुचवला. मॉसला उपाशी ठेवायचं. टँकर बंद करायचे, फक्त स्वच्छ पाणी फिरवायचं. धातूसाठी वखवखलं की पाहुण्यांसमोर पिवळं पाणी सोडायचं, चहा संपायच्या आत नितळ. वॉरेनने मला अक्षरशः उचलून फिरवलं. मीही खूप फुशारले. शिवदासकाकांना मात्र पटलं नाही. जित्राब उपाशी ठेवलं तर ते दावं तोडतं, असं काहीतरी पुटपुटत गेले.

११ सप्टेंबर, गुरुवार

उपासाचा परिणाम दिसतोय. मॉसला बारीक तंतू फुटलेत, केसांसारखे, जाळीच्या बाहेर लोंबणारे. धातू शोधत असावेत. मी खूश. फोटो काढले.

एक गंमत लिहून ठेवते. सकाळी उठले तर उशाखालचा खिळा हिरव्या तंतूंनी गुंडाळलेला. दोऱ्याचं रीळ असतं तसा. तंतू खिडकीतून आत आलेला, भिंतीवरून, उशीवरून. टाकीपासून माडीपर्यंत. माझ्या कानामागे घाम येतो तिथे दोन-तीन तंतू चिकटले होते. ओढले तर जरा दुखलं, रक्ताचा टिपूस आला.

मॉस इतकं वाढत नाही. कुठलंच वाढत नाही. पण वाढलंय खरं, आणि माझ्या हातात शोधनिबंध पडतोय असं म्हणून मी दिवसभर गुणगुणत होते.

१४ सप्टेंबर, रविवार

सदू गेला.

नीट लिहायला हवं. दुपारी जेवून मी खाली उतरले तर सदू तिसऱ्या टाकीच्या काठावर गुडघे टेकून, एक हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बसलेला. जाळी धुतोय असं वाटलं. हाक मारली. त्याने मान वळवली आणि त्याच्या तोंडातून हिरवं बाहेर आलं. आधी मला वाटलं, पालेभाजी ओकतोय.

मी काकांना ओरडून बोलावलं. आम्ही दोघांनी त्याला मागे ओढलं. हात पाण्यातून निघेना. काकांनी पाय लावून जोर केला तेव्हा निघाला, पण हाताची कातडी कड्यापासून खाली तशीच पाण्यात राहिली, सदऱ्याची बाही उलटी काढावी तशी. कडं जागेवर होतं. ते बारीक झालं होतं, तारेएवढं. त्याच्याखालून हिरव्या रेघा दंडात, खांद्यात, गळ्यात चढलेल्या. कातडीच्या आतून. त्या हलत होत्या.

तो खोकत होता. प्रत्येक खोकल्याला हिरव्या गुठळ्या, त्यात रक्त, आणि त्या गुठळ्या चकाकत होत्या. त्याच्या छातीतली सगळ्या वर्षांची स्टीलची धूळ. हवालदिल होऊन तो माझा हात धरून होता. गाडीत घातला तेव्हा जिवंत होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, ॲसिडची भाजणूक. वॉरेन रडला आणि तेच म्हणाला. मीही मान हलवली. जव्हारहून त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. त्यालाही आम्ही ॲसिडच सांगितलं.

संध्याकाळी तिसरी टाकी बघितली. मॉस इतकं तजेलदार मी आंबोलीतही पाहिलेलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आता मला भीती वाटतेय. ती घालवायला मी तेच केलं जे मला येतं. दोन वाट्या घेतल्या. एकीत कोरडा खिळा, दुसरीत मिठाच्या पाण्यात भिजवलेला. दोन्ही टाकीपासून सारख्याच अंतरावर ठेवल्या. दुपारपर्यंत तंतू आले. कोरड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. खाऱ्या पाण्यातला खिळा संपला. नुसता गंजाचा डाग राहिला.

म्हणजे असं. दारं, गेट, पत्रे यांना धोका नाही. त्याला ओलं आणि खारं लोखंड लागतं, विरघळलेलं. घामात भिजलेलं कडं. घामात भिजलेली अंगठी. आणि त्या वाटेने आत शिरलं की आत रक्त. रक्तातही लोखंडच. सोन्याला ते शिवत नाही, सोनं विरघळत नाही. ज्याच्या अंगावर लोखंड नाही त्याला ते ओळखतच नाही.

काकांकडे धावले. त्यांच्या घरी सदूच्या मरणाने सगळे हादरलेत. आणि म्हणून मावशींनी काय केलंय? दाराला नाल. चांदणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांच्या दंडाला लोखंडी तार. पाण्यातलं जागं झालंय, सदूचं एकच कडं होतं, कमी पडलं, असं त्यांचं म्हणणं. मी हात जोडून सांगितलं की काढा. होडीचा खिळा मावशींना परत दिला, म्हटलं हाही कोरडा कुठेतरी टाकून द्या. चांदणीने किल्ल्या तरी सोडल्या. काका म्हणाले, अंगठी निघत नाही, बोट सुजलंय.

ते का सुजलंय, हे मी नीट बघितलंच नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

चांदणीला मुलगा झाला. भाईंदरच्या दवाखान्यात, पहाटे. मावशी तिच्याजवळ आहेत. काका घरी आले, पेढा दिला, बाळाचं डोकं केसांनी भरलेलं आहे म्हणाले. त्यांनी हात पाठीमागे लपवला होता. मी टँकर मागवून टाक्यांत पिवळं पाणी सोडायला लावलं. खाऊ दे पोटभर. वॉरेनने विचारलं, प्रयोगाचं काय? मी म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे प्रयोग.

पाणी सोडलं. मॉस ते प्यायलंच नाही. आता त्याला दुसरी चव लागलीय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते तरीही.

सकाळी काका माझ्या दारात उभे. अंगठीच्या जागी हिरवं वेटोळं, बोट उसाच्या कांडीएवढं जाड. हिरवी रेघ मनगटापर्यंत आलेली. मी म्हटलं, गाडी मागवते. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी रेघ वर चढताना बघितली होती. मीही बघितली. आम्ही उभे होतो तेवढ्यात दोन बोटं वर.

त्यांनी पायरीवर हात ठेवला आणि कोयता उचलला.

"धरा म्याडम. हालू देव नका."

मी धरला. देवा, मी धरला. पहिल्या घावात बोट गेलं, दुसऱ्यात रेघेच्या वरून अख्खा पंजा. रक्त माझ्या तोंडावर. काका ओरडले नाहीत, नुसता श्वास ओढला. एक क्षण वाटलं सुटलो. पण कोयता लोखंडाचा, रक्ताने भिजलेला, आणि तो जखमेतच अडकलेला. पायरीवर पडलेल्या पंज्यातून ते परत आलं. पात्यावरून सरसर चढलं, उघड्या हाडात शिरलं. दंड माझ्या हातात फुगला आणि फुटला. हिरवं, लाल, सगळं माझ्या मांडीवर.

मी कोयता पायाने लाथाडला. माझ्या ओढणीने दंड खांद्याशी आवळला. रुग्णवाहिका आली. खांद्यापासून हात काढलाय. जिवंत आहेत, शुद्धीवर नाहीत.

अंगावरचं धुताना नडगीवर हात गेला. पट्टी आत आहे. कातडी बंद आहे. कातडी बंद आहे म्हणून मी आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

वॉरेनला सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. पायरी बघितली त्याने. तो म्हणाला, आधी मारू, मग पोलिसांना सांगू, नाहीतर लोक येऊन हात घालतील. मॉस मारायला जगभर एकच औषध वापरतात, हिराकस. बागेत, गच्चीवर, सगळीकडे. मीच नाव सुचवलं. तो उद्या पोती घेऊन येतोय.

मावशी चांदणीला आणि बाळाला घेऊन घरी आल्यात. मी दारात आडवी पडले. उद्या पाचवी आहे, पाचवी आपल्याच घरी पुजायची, असं त्यांचं म्हणणं. नवरा दवाखान्यात, म्हणून तर जास्तच. आजच पाळण्याखाली कोयता. तोच. धुतलेला. बाळाच्या मनगटात लोखंडी वाळा. विळी, चिमटा, मासे कापायची पावशी, सगळं पाळण्याभोवती मांडलेलं. मी म्हटलं, मावशी, काढा, ते लोखंडाला येतं. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"बोटातली आंगठी गेली तवाच त्यांचा हात गेला. तुमी माज्या नातवाच्या आंगावरचा लोखंड काडाया सांगता?"

त्यांनी जे बघितलं त्यावरून त्यांचंच बरोबर आहे.

बाळाची बेंबी अजून ओली आहे. लाल. तो माझं बोट धरून झोपला.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळ

अमावस्या. दुपारी मोठं उधाण आहे. त्याआधी उरकायला हवं.

वॉरेनने सगळ्या टाक्यांत हिराकस ओतली. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत हिरवट भुकटी, घामाने चिकटलेली. मॉस काळं पडलं. सगळं. चुरगळून काळं झालं, जाळ्यांवरून गळून पडलं. वॉरेन टाकीच्या काठावर बसून हसत होता. "मिनल, संपलं. मेलं बघ सगळं." त्याने आईला फोन लावला.

मी पण हसले. आणि मग आठवलं

हिराकस म्हणजे लोखंडच. लोखंडाचं मीठ. आम्ही त्याला पोती भरून—

मीच नाव सुचवलं होतं.

नंतर

उधाण उघाडीवरून आत आलं. खारं पाणी टाक्यांत मिसळलं. काळ्यातून हिरवं फुटलं, एकदम, उकळल्यासारखं.

वॉरेनचे हात. भुकटी, घाम. त्याला उठताच आलं नाही. दोन्ही हातांना धरून आत ओढला. फोन काठावर पडला होता, चालू होता. मॉलीआंटी वॉरेन, वॉरेन म्हणत होत्या. मी केस धरून खेचला. केस माझ्या हातात आले. टाळूसकट.

पाण्यात तो दोनदा उलटा-सुलटा झाला. दुसऱ्यांदा तोंड नव्हतं.

फोन मी बंद केला.

नंतर

पाणी बांधाला लागलंय. हिरवं त्यावर पसरतंय, काकांच्या घराच्या दिशेने. धावत गेले, म्हणजे लंगडत. चांदणीच्या पाया पडले. तिने ऐकलं. तीच ओरडली आईवर. मी बाळाचा वाळा काढला. कोयता, विळी, चिमटा, नाल, पावशी सगळं प्लास्टिकच्या टबात भरलं. माझाच टब, आंबोलीचा. मावशी पाठमोऱ्या होत्या, बाळाला दुपट्यात बांधत होत्या. रडत होत्या. निघा म्हटलं. बांध अजून उघडा आहे. पलीकडे रस्ता, तिथे माणसं आहेत.

मी त्यांच्या वेगाने चालू शकत नाही. आणि कोणीतरी इथे ते अडवून धरायला हवं. टब गोदामाच्या पायरीवर ठेवलाय. मिठाचं पाणी ओतलं.

आलं. सगळं टबाकडे आलं. घे बाबा, घे.

नंतर

माडीच्या जिन्यावर बसून लिहितेय. कोणी वाचलं तर— ओलं लोखंड अंगावर ठेवू नका. हिराकस टाकू नका. सदूच्या भावाला सांगा, ॲसिड नव्हतं. काकांना सांगा—

तिघं दिसताहेत— दोघी आणि बाळ. बांधाच्या मध्यावर. चांदणी हळू चालतेय, पाचच दिवसांची बाळंतीण. पण चालतेय. पोचतील.

टब गच्च भरलाय. कोयत्याचं पातं कागदाएवढं. माझ्या पायाला लागून गेलं, थांबलं नाही. मला ओळखतच नाही.

सोडलं

टब सोडला. कोयता संपलेला नाही आणि सोडला. मागे फिरलं. बांधाकडे. का

मोजते. कोयता. विळी. चिमटा. नाल. वाळा. पावशी.

खिळा नाही.

होडीचा खिळा. मीच परत दिला होता. मावशी पाठमोऱ्या. करगोट्यात बांधला. बाळाच्या पोटावर. बेंबी ओली आहे

हाक मारली. पाण्याचा आवाज फार. मावशींनी वळून बघितलं, हात केला. आणि पुढे. बांधावर त्यांच्या मागे हिरवं. मी पोचणार नाही. या पायाने नाही

या पायाने

कोयता आहे. पातं पातळ पण धार आहे. नडगीवर मांस नसतंच. कातडी, लगेच स्टील. खिळ्यापेक्षा कितीतरी मोठं. आणि रक्त

पहिला घाव. खोल नाही

दुसरा. स्क्रू दिसतोय. पांढरा. चमच्यासारखा

पाय पाण्यात टाकला

थांबलं. बांधावर थांबलं. त्यांच्या टाचांशी

ये. इकडे. ये बाबा

वळलं. सगळंच्या सगळं वळलं. चांदणी रस्त्याला लागली. बाळ रडतंय, ऐकू येतंय. रडतंय म्हणजे

घे बाबा, घे, सगळं घे, तिकडे बघू नको, घे—